झिजलेली सुई आणि नवें कार्ट्रिज

ज्यांच्या माळ्यावरचें टर्नटेबल पुन्हां खालीं उतरलें आहे, अशीं घरें आतां पुण्या-मुंबईंत दुर्मिळ राहिलेलीं नाहींत. वडिलांनीं अगर आजोबांनीं पगारांतून काटकसर करून जमविलेल्या तबकड्या कपाटांत ओळीनें उभ्या असतात. त्यांत भीमसेन जोशी असतात, कुमार गंधर्व असतात, किशोरी आमोणकर असतात. एके दिवशीं घरांतील कोणी तरी यंत्रावरची धूळ पुसतो, त्याचा सैल झालेला पट्टा बदलतो, आणि गाणें सुरू होतें. पहिल्या दिवशीं आनंदच एवढा असतो कीं दोष ऐकूं येत नाहींत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मात्र ध्यानांत येतें कीं तबकडी संपत आली म्हणजे आवाज फाटतो, 'स' आणि 'श' हीं अक्षरें फुसफुसतात, तान खरखरीत होते व तबल्याची चाट कानाला टोंचते. मंडळी तबकडीला दोष देतात. ती जुनी झाली, असें म्हणतात. पुष्कळ वेळां जुनी झालेली असते ती सुई.

हा भेद किरकोळ नाहीं. झिजलेली सुई नुसती वाईट वाजत नाहीं. ती वाजतां वाजतां तबकडी खरवडीत असते, आणि हें खरवडणें कोणत्याहि उपायानें भरून येत नाहीं. सुई बाजारांत पुन्हां मिळते. वडिलांनीं ज्या दिवशीं ती तबकडी घरीं आणली त्या दिवसासारखी कोरी प्रत पुष्कळदां कोठेंहि मिळत नाहीं. थोडक्या पैशांत कार्ट्रिज कसें निवडावें हा प्रश्न त्यामुळें जितका खर्चाचा, तितकाच घरांतील ठेव्याचा आहे.

कार्ट्रिज म्हणजे टोन-आर्मच्या टोंकाशीं बसविलेली, आंगठ्याच्या पेराएवढी एक डबी. तिच्या पोटांतून एक बारीक दांडी बाहेर येते, व त्या दांडीच्या टोंकास हिऱ्याचा कण बसविलेला असतो. हाच कण म्हणजे सुई. तबकडीच्या चरींतून जातांना सुई हालते, तिच्याबरोबर दांडी हालते, दांडीच्या दुसऱ्या टोंकास जडविलेलें इवलेंसें लोहचुंबक हालतें, आणि शेजारच्या तारेच्या वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. ती इतकी अल्प असते कीं तिचें माप व्होल्टच्या हजाराव्या भागांत करावें लागतें. या रचनेस मूव्हिंग मॅग्नेट म्हणतात. लोहचुंबक स्थिर ठेवून वेटोळें हालविण्याची जी रचना, तिला मूव्हिंग कॉइल हें नांव आहे. तिसरी जात जुन्या क्रिस्टलची आणि तिच्या मागून आलेल्या सिरॅमिकची. तींत चुंबक नसतेंच. स्फटिकावर ताण पडून वीज उत्पन्न होते.

चावीच्या ग्रामोफोनच्या काळीं सुई बदलणें म्हणजे डबींतील एक पोलादी सुई काढून दुसरी घालणें एवढेंच होतें. तबकडीची एक बाजू वाजली कीं सुई टाकून द्यावयाची, असा त्या वेळचा नियम होता, व तो योग्य होता. हिऱ्याच्या सुईनें ती संवय मोडली आणि तिच्या जागीं एक घातक समजूत आणून बसविली. ती समजूत अशी कीं, हिरा झिजत नाहीं.

हिरा झिजतो. एल. पी. तबकडी मिनिटास ३३⅓ फेरे घेते. वीस मिनिटांच्या एका बाजूस सुमारें ६६७ फेरे होतात. बाहेरच्या चरीची त्रिज्या १४६ मिलिमीटर व अगदीं आंतल्या चरीची ६० मिलिमीटर धरली, तर त्या एका बाजूच्या चरीची लांबी ४३० मीटरच्या आसपास भरते. म्हणजे तासाभराच्या वादनांत सुई सव्वा किलोमीटरहून अधिक चालते, आणि ५०० तासांत सुमारें ६४५ किलोमीटर. मुंबईहून पुण्यास रेल्वेनें १९२ किलोमीटर पडतात. त्या वाटेनें तीन खेपा करून कांहीं वाट उरेल, इतका हा प्रवास आहे. शिवाय तो मोकळ्या हातानें केलेला नसतो. सुईवरचा भार दोनच ग्रॅमचा असला, तरी ती चरीच्या भिंतीस जेथें टेंकते ती जागा इतकी सूक्ष्म असते कीं तेथील दाब हिशेबानें दर चौरस सेंटीमीटरास टनांच्या घरांत जातो. प्रवासाच्या अखेरीस सुईच्या गोलाईवर दोन्ही बाजूंस सपाट पैलू पडतात. पैलूंच्या कडा धारदार असतात, आणि चरीची भिंत ज्यांनीं खरवडली जाते त्या ह्याच कडा.

आतां खरेदीकडे वळावयाचें. परंतु दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो बहुतेक जण विचारीत नाहींत. बदलावयाचें आहे तें कार्ट्रिज, कीं नुसती सुई? मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या बहुतेक कार्ट्रिजांत दांडी, चुंबक व सुई मिळून एक छोटा भाग असतो, आणि तो बोटांनीं ओढून वेगळा करतां येतो. मागें उरणाऱ्या डबींत वेटोळीं असतात, व तीं सहसा बिघडत नाहींत. दोन्ही बाजूंचे आवाज सारखे येत असले, तर त्या डबीवर तिचें नांव व क्रमांक वाचून त्याच जातीची नवी सुई आणणें हा सर्वांत स्वस्त मार्ग होय. मूळ कारखाना बंद झाला असला तरी निराश होण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील शुअर कंपनीनें १९५८ सालीं स्टीरिओसाठीं मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज बाजारांत आणून या जातीचा पाया घातला, आणि साठ वर्षांनीं, २०१८ सालीं, तिनें हा धंदाच सोडला. तथापि तिच्या जुन्या डब्यांत बसणाऱ्या सुया जपानांतील जिको ही संस्था अद्याप करते. १८७३ सालीं शिवणाच्या सुया करण्यापासून तिचा आरंभ झाला, हें जाणून पुष्कळांस मौज वाटेल.

जुनी पण न वापरलेली सुई स्वस्तांत मिळाली, म्हणून हुरळून जाऊं नये. हिरा पेटींत झिजत नाहीं हें खरें. परंतु दांडी ज्या रबरासारख्या कड्यांत रोवलेली असते, तें कडें वयानें कठीण होतें, आणि सुई नवीकोरी असूनहि चरींत मोकळी हालत नाहीं. चाळीस वर्षें सीलबंद राहिलेली डबी ही संग्राहकाची वस्तु आहे, ऐकणाराची नव्हे. नामांकित पण आतां न निघणाऱ्या कार्ट्रिजांच्या नांवानें बनावट मालहि विकला जातो. ज्या वस्तूचा कारखाना बंद आहे ती नव्याकोऱ्या पेटींत आणि अर्ध्या किंमतींत मिळत असेल, तर ग्राहकानें शंका घेतलेली बरी.

दुसरा प्रश्न यंत्राच्या जातीचा. एच. एम. व्ही.चा फिएस्टा किंवा तशाच पेटीवजा रेकॉर्ड-प्लेअरांत क्रिस्टल अगर सिरॅमिक कार्ट्रिज असे. त्यांच्यापैकीं क्रिस्टलचा स्फटिक रोशेल मिठाचा असल्यानें उष्णता व दमट हवा त्याला सोसत नाहीं. मुंबईच्या पावसाळ्यांत असें कार्ट्रिज मुकें झालें तर नवल नव्हे. त्याच्या जागीं सिरॅमिकच घ्यावें. कोणी उत्साही गृहस्थ अशा यंत्रावर उत्तम मूव्हिंग मॅग्नेट बसवूं पाहतात, तो खर्च वाया जातो. त्या यंत्राचा हात जड असतो, त्याला हलका भार मोजून देण्याची सोय नसते. आणि सिरॅमिकपासून जितकी वीज मिळते तिच्या मानानें मूव्हिंग मॅग्नेटची वीज इतकी थोडी कीं तिच्यासाठीं वेगळा फोनो-प्रीॲम्प्लिफायर लागतो. अशा यंत्रांतील सुई हिऱ्याची आहे कीं सॅफायरची, हें मात्र अवश्य विचारावें. सॅफायर हिऱ्याच्या मानानें फार लवकर झिजतो. थोडासा अधिक पैसा देऊन हिऱ्याची सुई मिळत असेल, तर तेथें काटकसर करूं नये.

ज्या टर्नटेबलाच्या हातास मागच्या बाजूनें फिरवितां येणारें वजन आहे, आणि पुढच्या टोंकास अर्ध्या इंचाच्या अंतरावर दोन स्क्रू आहेत, त्याच्या मालकास मात्र निवडीला भरपूर वाव असतो. १९८० च्या सुमारास निघालेल्या कांहीं यंत्रांत स्क्रूंऐवजीं चार खिळ्यांवर नुसतें खोंचावयाचें टी-फोर-पी जातीचें कार्ट्रिज लागतें. त्याचें वजन व भार हीं ठरलेलीं असल्यामुळें तेथें विचार करण्यासारखें फारसें कांहीं नसतें.

निवडीचें खरें मर्म सुईच्या टोंकाच्या आकारांत आहे. डबीवरचा रंग, पेटीवरची सोनेरी अक्षरें, विजेच्या मापाचे आंकडे हें सर्व त्यापुढें गौण होय. सर्वांत साधी ती गोल टोंकाची सुई. तिची टोंकाची त्रिज्या स्टीरिओ तबकडीसाठीं मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत सांगावयाची तर सुमारें १८ असते. दुसरी लंबवर्तुळाकार, ती समोरून १८ च असली तरी बाजूनें पाहिली असतां सुमारें ८ भरते, म्हणजे चरीच्या भिंतीस टेंकणारी तिची कड निमुळती असते. तिच्यापुढें शिबाटा, मायक्रोलिनियर इत्यादि घडणीच्या सुया येतात. त्यांची कड आणखी निमुळती असते, व ती भिंतीस एका बिंदूंत न टेंकतां उभ्या रेषेंत टेंकते.

या निमुळतेपणाची गरज कोठें पडते, तें हिंदुस्थानी संगीत ऐकणारास चटकन् पटेल. तबकडीच्या बाहेरच्या कडेशीं चर सुईखालून सेकंदास सुमारें ५१ सेंटीमीटर या वेगानें जाते. आंतल्या बाजूस हाच वेग २१ वर येतो. सेकंद तेवढाच, स्वरहि तेवढेच. परंतु ते मांडावयास जागा निम्म्याहून कमी. त्यामुळें आंतल्या चरींतील नागमोडी वळणें अगदीं दाटून बसतात, आणि गोल टोंकाची जाड सुई त्या वळणांत नीट शिरूं शकत नाहीं. आतां ख्यालाच्या एल. पी.ची रचना ध्यानांत घ्यावी. आरंभीं विलंबित असतो, त्या वेळीं सुई बाहेरच्या प्रशस्त चरींत असते. बाजू संपत येते तसा द्रुत सुरू होतो. ताना येतात, तबल्याची लय चढते, तानपुऱ्याच्या झंकारावर गायकाचा आवाज टिपेस पोंचतो, आणि नेमकी त्याच वेळीं सुई सर्वांत अरुंद जागीं येऊन पोंचलेली असते. गाण्याचा कळस आणि चरीची अडचण एकाच ठिकाणीं गांठ घालतात. पाश्चात्य नृत्यगीतांच्या तबकडीवर शेवटचें गाणें जरा मळकट वाजलें तर चालून जाईल. ख्यालाच्या तबकडीवर तीच जागा जर बिघडली, तर त्या बाजूचा सारा कमावलेला परिणामच बिघडतो. ज्याच्या कपाटांत मुख्यत्वें रागसंगीत आहे, त्यानें गोल सुईवर समाधान मानूं नये. निदान लंबवर्तुळाकार तरी घ्यावी.

गोल सुईची बाजू अगदींच लंगडी आहे असें नव्हे. ती स्वस्त असते, बसवितांना झालेली थोडी वांकडी-तिकडी चूक पोटांत घालते, आणि ओरखडे पडलेल्या तबकड्यांवर कमी कुरकुरते. घरांत मुख्यतः जुनीं भावगीतें व नाट्यगीतें आहेत, तीं कामांत असतांना ऐकावयाचीं आहेत, अशा घरीं ती अगदीं पुरेशी आहे. तिची निंदा करणारे पुष्कळदां दुसऱ्याच्या पैशानें बोलत असतात.

आतां हिशेब. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीनें स्वतःच्या सुयांचें आयुष्य तासांत दिलें आहे: गोल सुई ५०० तास, लंबवर्तुळाकार ३००, शिबाटा ८००, मायक्रोलिनियर १०००. समजा, ठाण्याच्या एखाद्या गृहस्थाकडे दोनशें एल. पी. आहेत, आणि प्रत्येक तबकडी दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांची आहे. वर्षांतून एकेकदां सर्व ऐकल्या तरी १३३ तास होतात. त्याची लंबवर्तुळाकार सुई सव्वादोन वर्षें पुरेल. मायक्रोलिनियर साडेसात वर्षें. या दोन सुयांच्या किंमतींत साधारणतः तिपटीच्या आसपास अंतर असतें, आणि आयुष्यांतहि अंतर तिपटीहून थोडें अधिक आहे. म्हणजे तासागणिक पडणारा खर्च जवळजवळ सारखाच. आंतल्या चरींतील स्पष्टता मात्र महाग सुईची कितीतरी अधिक. खिशांत आज पैसे असले, तर महाग सुई हीच काटकसर ठरते. हा हिशेब दुकानांत उभें राहून सुचत नाहीं, म्हणून तो घरींच करून जावा. अर्थात् सुई नीट जपली तरच तो खरा. घरांत लहान मुलें असतील, किंवा कापड घेऊन उत्साहानें धूळ झटकणारें कोणी असेल, तर हजार तासांची सुई पहिल्याच आठवड्यांत मोडूं शकते, आणि मग तिपटीचा हिशेब उलटा होतो.

ज्याच्या खिशांत आज तेवढे पैसे नाहींत, त्याच्यासाठींहि मार्ग आहे. कांहीं कार्ट्रिजें एकाच कुटुंबांतील असतात: डबी एक, सुया अनेक. ऑडिओ-टेक्निकाच्या व्ही-एम-९५ मालिकेंत गोल सुईपासून मायक्रोलिनियर व शिबाटापर्यंत सर्व सुया एकाच डबींत बसतात. डेन्मार्कमधील ऑर्टोफॉन कंपनीच्या ओ-एम मालिकेचीहि तीच सोय आहे; आणि तिच्याच टू-एम मालिकेंतील रेड या स्वस्त कार्ट्रिजाच्या डबींत ब्ल्यू ही वरच्या दर्जाची सुई बसते. आज साधी सुई घेऊन गाणें सुरू करावें. ती झिजली कीं त्याच डबींत वरच्या दर्जाची घालावी. यांत स्क्रू काढावयाचे नाहींत, तारा सोडवावयाच्या नाहींत, कांहीं नाहीं. ज्या कार्ट्रिजाच्या सुया पुढें मिळत राहतील अशी खात्री वाटते, तेंच मर्यादित खर्चाच्या माणसानें घ्यावें.

याच कारणासाठीं मूव्हिंग कॉइलचा मोह टाळलेला बरा. या जातींत डेनॉनचें डी-एल-१०३ हें कार्ट्रिज प्रसिद्ध आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभीं जपानच्या नभोवाणीसाठीं, एन. एच. के. या संस्थेच्या सहकार्यानें, तें तयार झालें, आणि आजहि निघतें. मूव्हिंग कॉइल जातीच्या मानानें त्याची किंमत बेताची दिसते. परंतु त्याची वीज मूव्हिंग मॅग्नेटच्या दहाव्या हिश्श्याएवढीहि नसते. ती वाढविण्यास निराळें साधन विकत घ्यावें लागतें. त्याची दांडी ताठ असल्यानें त्याला जड हात लागतो, आणि सुई झिजली म्हणजे नुसती सुई घरीं बदलतां येत नाहीं. सबंध कार्ट्रिज बदलावें लागतें, नाहींतर तें कारागिराकडे पाठवावें लागतें. वस्तु उत्तम आहे. ज्याला एका वस्तूच्या मागोमाग तीन वस्तू घेणें परवडतें, त्याच्यासाठीं ती आहे.

ताठ दांडी आणि जड हात यांचा जो उल्लेख झाला, त्याचा थोडा खुलासा हवा. सुईची दांडी ही स्प्रिंगसारखी असते, व तिच्यावर टोन-आर्म आणि कार्ट्रिज यांचें ओझें असतें. कोणत्याहि स्प्रिंगवर ओझें ठेवलें म्हणजे तें एका ठराविक गतीनें डोलतें. हें डोलणें सेकंदास ८ ते १२ वेळां असावें, असा जाणकारांचा संकेत आहे. त्याहून कमी असलें, तर वांकलेल्या तबकडीच्या लाटेबरोबर हात हेलकावे खाऊं लागतो. फार अधिक असलें, तर गाण्यांतील खर्जाच्या स्वरांत त्याची भेसळ होते. गणित सोपें आहे. हाताचें परिणामी वजन, कार्ट्रिजाचें व स्क्रूंचें वजन यांची ग्रॅममध्यें बेरीज करावी. तिला दांडीच्या लवचीकपणाच्या आंकड्यानें गुणावें. त्याचें वर्गमूळ काढावें. आणि त्यानें १५९ ला भागावें. बेरीज २० व लवचीकपणा १२ असेल, तर उत्तर दहाच्या किंचित् वर येतें, म्हणजे जोडी जमली. बेरीज ३० आणि लवचीकपणा ३५ असेल, तर उत्तर पांचच्याहि खालीं जातें. अशीं कार्ट्रिजें कितीहि नांवाजलेलीं असलीं तरी त्या हातावर घेऊं नयेत. येथें एक खांच आहे. जपानी कारखाने लवचीकपणा सेकंदास १०० कंपनांवर मोजून छापतात, व वरच्या गणितास १० कंपनांवरचा आंकडा लागतो. जपानी आंकडा दीडपट ते दुप्पट करून घेतल्याशिवाय गणित चुकतें.

ॲम्प्लिफायरशीं जुळणी हा विषयहि आहे, पण तो लहान आहे. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजास ४७ हजार ओहमचा भार लागतो, आणि तो जवळजवळ सर्व फोनो-प्रीॲम्प्लिफायरांत असतोच. लांबलचक तारा मात्र जोडूं नयेत. तारेची लांबी वाढली कीं तिची विद्युत्-धारकता वाढते, आणि वरच्या स्वरांचा तोल जातो.

आजोबांच्या कपाटांत एल. पी. बरोबर ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्याहि असल्या, बालगंधर्व असले, अब्दुल करीम खां असले, तर त्यांना एल. पी.ची सुई मुळींच लावूं नये. १९४८ सालच्या जूनमध्यें अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें एल. पी. बाजारांत आणली, तेव्हां चर कितीतरी अरुंद झाली. जुन्या रुंद चरींत नवी बारीक सुई भिंतींना न टेंकतां तळाच्या घाणींतून घसटत जाते, आणि गाण्यापेक्षां धुळीचाच आवाज अधिक ऐकवते. तिच्यासाठीं एका इंचाच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट त्रिज्येची जाड सुई लागते. व्ही-एम-९५ च्या डबींत बसणारी अशी सुईहि मिळते. मात्र तिच्यावरचा भार दोन ग्रॅम नव्हे, पांच ग्रॅमच्या आसपास ठेवावा लागतो. उलट, ही जाड सुई एल. पी.वर चुकूनहि उतरवूं नये. स्टीरिओच्या आधींच्या मोनो एल. पी. स्टीरिओ सुईनें खुशाल वाजवाव्या. ॲम्प्लिफायरवर मोनोचें बटण असल्यास तें दाबलें म्हणजे खरखर बरीच कमी होते, आणि त्यास पैसा पडत नाहीं.

कार्ट्रिज घरीं आलें, म्हणजे तें बसविण्याचें काम उरतें. तारा चार असतात: पांढरी व निळी डाव्या बाजूच्या, तांबडी व हिरवी उजव्या बाजूच्या, निळी आणि हिरवी या परतीच्या. चिमट्यानें हलक्या हातानें लावाव्या, आणि या वेळीं सुईवरचें झांकण काढूं नये. त्यानंतर कार्ट्रिज हातांत किती पुढें-मागें व किती तिरपें बसवावयाचें, तें ठरवावयाचें. टोन-आर्म एका टोंकाशीं खिळलेला असल्यामुळें सुई तबकडीवरून सरळ रेषेंत न जातां कंसांत जाते, व ज्या यंत्रानें तबकडी कोरली गेली त्याच्याशीं तिचा कोन जमत नाहीं. ही चूक कमीत कमी कशी करावी, याचें गणित लॉफग्रेन यानें १९३८ सालीं व बेअरवाल्ड यानें १९४१ सालीं मांडलें, आणि अद्यापहि जगभर तेंच वापरलें जातें. मध्यापासून सुमारें ६६ व १२१ मिलिमीटरवर, अशा दोन ठिकाणीं कोन तंतोतंत जुळावा, एवढा त्याचा व्यवहारांतील निष्कर्ष. त्याच्या खुणा असलेला कागद छापून मिळतो. त्याच्यावर अर्धा तास घालविल्यास स्वस्त सुई महाग सुईसारखी नाहीं, पण आपल्या पूर्ण योग्यतेनें वाजते. आणि तो न घालविल्यास महाग सुई स्वस्त सुईहून वाईट वाजते.

शेवटीं भार. तबकडीवर माया असलेले गृहस्थ भार सांगितल्याहून कमी ठेवतात. कमी वजन, कमी झीज, असें त्यांना वाटतें. हा समज उलटा आहे. हलकी सुई जोरकस तानेच्या वळणावर चर सोडून उडते, आणि पुन्हां भिंतीवर आदळते. ती आदळ तबकडीवर कायमची उमटते. कारखान्यानें १.८ ते २.२ ग्रॅम अशी मर्यादा दिली असेल, तर २ ग्रॅम ठेवावा. थंडींत किंचित् वर गेला तरी हरकत नाहीं, मर्यादेखालीं मात्र जाऊं नये. टोन-आर्मवरच्या आंकड्यांवर विसंबण्यापेक्षां कांहीं शें रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल कांटा घेणें चांगलें. दुसऱ्या कोणत्याहि वस्तूवर एवढ्या पैशांत एवढी सुधारणा होत नाहीं.

नवी सुई पहिल्या दिवशीं जरा ताठ वाजेल. वीस-तीस तासांनीं दांडीचें कडें मोकळें होतें. सुई साफ करावयाची ती मऊ कुंचल्यानें, आणि नेहमीं मागून पुढें. आडवी किंवा पुढून मागें कधींच नाहीं. यंत्राशेजारीं एक वही ठेवावी, आणि प्रत्येक बाजू वाजली कीं तींत एक रेघ ओढावी. वीस मिनिटांच्या तीन रेघा म्हणजे एक तास. लंबवर्तुळाकार सुई असेल, तर नऊशें रेघा भरल्या म्हणजे नव्या सुईची मागणी नोंदवावी. आणि काढलेली सुई नव्या सुईच्या डबींत न ठेवतां, तिच्यावर तारीख घालून वेगळी ठेवावी, म्हणजे घाईच्या वेळीं ती चुकून पुन्हां हातांत येणार नाहीं.